बंदुकीची नळी आणि सरकारचा परवाना

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याच्या पश्चिम अंगाला चामराजपेट नावाची वस्ती आहे. जुन्या पेठांतील दाटी सोडून मोकळ्या जागेत शहर वाढावे, म्हणून १८९२ साली जे पहिले विस्तार आखण्यात आले, त्यांपैकी ही एक. सरळ रेषेत काढलेले रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे आडवे रस्ते आणि पुढे १९१५ साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेची इमारत, अशी या वस्तीची ओळख सांगता येते. पलीकडच्या किल्ल्याशी मराठी माणसाचे नाते त्याहून पुष्कळ जुने आहे. १६३८ नंतर हे ठाणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. पुढे हैदर आणि टिपू यांच्या काळात किल्ला दगडी झाला, आणि १७९१ च्या मार्च महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसने तो टिपूकडून घेतला. टिपूच्या दारूगोळ्याची कोठारे आसपास अजून उभी आहेत. त्यांपैकी रेल्वे स्थानकाजवळचे एक रुळांच्या आड येत होते, म्हणून २०१७ साली ते पाडून न टाकता सबंधच्या सबंध उचलून बाजूला सरकवण्यात आले.

चामराजपेटेला ज्यांचे नाव मिळाले, ते महाराज चामराजेंद्र वडियार १८८१ च्या मार्च महिन्यात म्हैसूरच्या गादीवर राज्याधिकारासह बसले. पन्नास वर्षे इंग्रज कमिशनरांच्या हाती असलेले राज्य वडियार घराण्याला परत मिळाले, पण ते एका करारपत्रासह. त्या करारपत्रात एक कलम शस्त्रांविषयी होते. गव्हर्नर जनरलच्या परवानगीवाचून महाराजांनी आपल्या राज्यात शस्त्रे व दारूगोळा आणू नये, कोणास आणू देऊ नये आणि सरकारने सांगितल्यास शस्त्रे तयार करण्यासही बंदी घालावी, असा त्याचा आशय. ज्या मुलखात एका शतकापूर्वी टिपूचे अग्निबाण तयार होत होते, तेथील राजाला आता एक बंदूकही स्वतःच्या हुकमाने मागवता येत नव्हती. मग प्रजेची कथा काय सांगावी?

बंदुकीविषयी कोणतेही सरकार तीन प्रश्न विचारते. ती कोणी बाळगावी, कोणत्या जातीची बाळगावी आणि एकदा घेतल्यावर तिच्यात फेरफार करता येईल की नाही. आज हे तीनही प्रश्न एकाच कायद्यात शेजारी शेजारी बसलेले दिसतात. पण हिंदुस्थानात ते एकदम आलेले नाहीत. आधी माणूस पारखला गेला, मग हत्यार, आणि हत्यारातील फेरफार सर्वांत शेवटी. गंमत अशी, की बंदुकीत मोठा फेरफार करणारे पहिले हात मात्र सरकारचेच होते.

१८५७ चा उठाव ज्या काडतुसावरून पेटला, ते एन्फील्ड रायफलीचे होते. रायफल म्हणजे काय, हे येथे थोडे उलगडून सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास त्या एका गोष्टीभोवती फिरतो. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत आतून वळत जाणारे आटे कोरलेले असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते, आणि फिरणारी गोळी सरळ जाते. गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे देवाच्या हवाली असे. एन्फील्डची गोळी त्याच्या कितीतरी पट अंतरावर लागू पडे. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी देशी पलटणी पुन्हा उभारल्या, पण शिपायाच्या हाती दिलेली एन्फील्ड पूर्वीची नव्हती. नळीतील आटे कोरून काढून ती आतून गुळगुळीत केलेली होती, आणि दूरचा नेम धरण्यासाठी मागे बसवलेली सरकती खूणही काढून टाकली होती. बाहेरून पाहिले तर तीच बंदूक, तोच दस्ता, तोच चाप. कोरल्यामुळे या नळ्या पातळ झाल्या आणि टिकेनात, तेव्हा पुढच्या वर्षी जाड नळीचा नवा नमुना काढावा लागला. गोऱ्या शिपायाजवळ रायफल आणि काळ्या शिपायाजवळ तिचे केवळ रूप, ही व्यवस्था कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली नव्हती. ती नळीच्या पोटात लिहिलेली होती.

शिपायाविषयी ही दक्षता, तर रयतेविषयी त्याहून कडक. उठाव चालू असतानाच शस्त्रे सरकारजमा करण्याचा व परवाने घेण्याचा कायदा आला. दक्षिण महाराष्ट्र या नावाने तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या मुलखात, म्हणजे कोल्हापूरपासून धारवाडपर्यंतच्या मराठी संस्थानांच्या पट्ट्यात, त्याची अंमलबजावणी विशेष कडकपणे झाली. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या पलटणीने बंड केले होते आणि ले ग्रँड जेकब हा अधिकारी तेथे बंदोबस्तास आला होता. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात हलगली हे बेडरांचे खेडे. शिकार आणि शिपाईगिरी हा बेडरांचा पिढीजात धंदा. हत्यार घेऊन या, नोंदवा आणि मग ते तुम्हास ठेवू द्यावयाचे की नाही हे सरकार ठरवील, असा निरोप त्यांच्याकडे गेला. त्यांनी नकार दिला. १८५७ च्या नोव्हेंबरअखेर इंग्रज फौज हलगलीवर चालून गेली, गाव जाळले गेले, पुष्कळ माणसे मारली गेली आणि डिसेंबरात मुधोळला व खुद्द हलगलीत कित्येकांना उघड्यावर फाशी देण्यात आली.

या माणसांनी कोणाचे तख्त परत मागितले नव्हते. त्यांचे भांडण नोंदवहीशी होते. हत्यार नोंदवणे म्हणजे ते गमावणे, हा त्यांचा समज होता, आणि त्या काळी तो चुकीचा म्हणता येत नाही. हलगलीवर कन्नड भाषेत रचलेली लावणी पुढे फ्लीट नावाच्या इंग्रज संशोधकाने टिपून घेऊन छापली. ज्या सरकारने गाव जाळले, त्याच सरकारच्या एका अधिकाऱ्याने त्या गावाचे गाणे जपले, हा इतिहासाचा एक विचित्र न्याय होय. त्याच टापूत १८५८ च्या मे महिन्यात नरगुंदचे संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे यांनी उठाव केला. त्यांच्या मनातील मुख्य शल्य दत्तक नामंजूर झाल्याचे. शस्त्रे गोळा करण्याच्या हुकमाने त्यात भर घातली. पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला आणि जूनमध्ये बेळगावास बाबासाहेबांना फाशी झाली.

याच धुमाळीत बंगळुरास बसून एका माणसाने नेमके उलट टोकाचे फर्मान काढले. सर मार्क कबन हे म्हैसूरचे कमिशनर आणि शेजारच्या कुर्ग प्रांताचेही मुख्याधिकारी. १८६१ च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केले की निःशस्त्रीकरणाचा कायदा कुर्गी लोकांस लागू नाही. कारण काय, तर त्यांची राजनिष्ठा आणि शौर्य. कोडवा समाजात बंदूक ही घरातील एखाद्या देवासारखी वागवली जाते. मूल जन्मले की बार काढावयाचा, माणूस गेला की दोन बार काढावयाचे आणि भाद्रपदाच्या सुमारास येणाऱ्या कैलपोध सणाला हत्यारे मांडून पूजावयाची, अशी त्यांची रीत. मराठी घरातील खंडेनवमीची आठवण व्हावी असाच तो सण. खंडेनवमीला तलवार पूजणाऱ्या पाटलाला मात्र कोणी कबन भेटला नाही. हलगलीचा बेडर आणि मडिकेरीचा कोडवा, दोघेही डोंगररानातले शिकारी, दोघांच्याही घरात पिढ्यान्‌पिढ्यांची हत्यारे. एकाचे हत्यार राजद्रोह ठरले, दुसऱ्याचे भूषण. हत्यारांत काहीच फरक नव्हता. फरक होता तो सरकारने माणसावर ठेवलेल्या विश्वासात.

हा विश्वास-अविश्वास लॉर्ड लिटनने १८७८ साली पक्क्या कायद्यात बांधला. त्याच वर्षी देशी वृत्तपत्रांचा गळा दाबणारा कायदाही त्याने केला होता. वृत्तपत्रांचा कायदा चार वर्षांत रद्द झाला. शस्त्रांचा मात्र ऐंशीहून अधिक वर्षे टिकला. त्याच्या व्याख्येत बंदुकीबरोबर तलवार, भाला, धनुष्यबाणसुद्धा येत होते. युरोपियन व अँग्लो-इंडियन लोकांना परवान्याची गरज नव्हती; काही राजेरजवाडे व पदवीधारक यांना सूट होती; बाकी सर्वांना परवाना. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी पुणे जिल्ह्यात रामोशांना हाताशी धरून बंड केले. त्यांच्या सैन्याची शस्त्रसामग्री पाहिली, की या कायद्याने देश किती रिकामा केला होता याचा अंदाज येतो.

काँग्रेसने जवळजवळ जन्मापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. मवाळ आणि जहाल यांचे ज्या थोड्या गोष्टींवर एकमत होते, त्यांत हा एक. अहिंसेचे उपासक गांधीजी याला अपवाद असतील असे वाटावे, पण तसे नव्हते. १९३० च्या जानेवारीत त्यांनी ज्या अकरा मागण्या मांडल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत, अशी एक होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने तर नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला. मागणीच्या मुळाशी बंदुकीची हौस नव्हती. आपल्याच देशात आपण अविश्वासास पात्र मानले जातो, ही बोच होती. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या नव्या नियमांनी गोऱ्या-काळ्याचा उघड भेद कागदावरून पुसला, पण परवाना देणारा हात तोच राहिला.

मधल्या काळात हत्यारे पारखण्याचे दुसरे एक शास्त्र वाढत होते. वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री रायफली पडल्या होत्या. त्यांना गोळ्या मिळू नयेत म्हणून १९०७ च्या सुमारास .४५० इंच व्यासाच्या रायफली व काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास बंदी झाली. वाघ-गव्यांच्या शिकारीसाठी हाच व्यास तेव्हा फार लोकप्रिय होता. मोठी गिऱ्हाइके हातची जाऊ नयेत म्हणून लंडनच्या बंदूक कारागिरांनी नळीचा व्यास सुताभर वाढवला आणि .४६५, .४७०, .४७५ अशा नव्या जाती बाजारात आणल्या. शिकारीच्या पुस्तकांत जे नामांकित व्यास वाचावयास मिळतात, त्यांतील कित्येक असे हिंदुस्थान सरकारच्या एका मनाई हुकमाच्या पोटी जन्मले आहेत. वाघाला अर्थात याचा काही फायदा झाला नाही.

लष्कराच्या .३०३ व्यासाचीही तीच कथा. सरकारी कोठारातील काडतूस खासगी बंदुकीत बसता कामा नये, हे तत्त्व. म्हणून कलकत्त्याजवळच्या इशापूर कारखान्यात नागरिकांसाठी जी शिकारी रायफल तयार होऊ लागली, तिची यंत्ररचना लष्करी ली-एन्फील्डची, पण व्यास .३१५, आणि काडतूस मुळात ऑस्ट्रियन सैन्याचे. आज भारतात ज्याच्याजवळ परवान्याची रायफल असते, त्याच्याजवळ पुष्कळदा हीच असते. याच इशापुरात पोलिसांसाठी व तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी .३०३ रायफली कोरून .४१० व्यासाच्या गुळगुळीत नळीच्या करण्यात आल्या. काडतुसांच्या पेटीत लाकडाचा ठोकळा बसवून त्यांना एकबारी केले गेले. १८५८ साली शिपायाच्या एन्फील्डवर जो प्रयोग झाला होता, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती.

स्वातंत्र्य आले तेव्हा कराचीच्या ठरावाची आठवण राज्यघटना समितीत निघाली. मध्यप्रांत-वऱ्हाडकडून आलेले ह. वि. कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा, अशी सूचना डिसेंबर १९४८ मध्ये मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. परक्या सरकारने देश निःशस्त्र केला होता, त्या परिस्थितीत ती मागणी योग्य होती. आता परिस्थिती पालटली आहे, आणि चोर-दरोडेखोरांसही जो लाभेल असा हक्क देण्यापेक्षा राष्ट्राची हाक आल्यावर शस्त्र धरण्याचे कर्तव्य नागरिकावर असावे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. सूचना फेटाळली गेली. घटनेच्या मूलभूत हक्कांत शस्त्रांचा उल्लेख आला तो शांततेने व ‘शस्त्रांविना’ एकत्र जमण्याच्या हक्कात, आणि शिखांच्या कृपाणाच्या संदर्भात. शस्त्रे, दारूगोळा हा विषय केंद्राच्या सूचीत पाचव्या क्रमांकावर जाऊन बसला. डॉक्टरांचा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो. पण ज्या पिढीने साठ वर्षे ठराव केले होते, तिला तो पचनी पडण्यास वेळ लागला असणार.

लिटनचा कायदा प्रत्यक्षात रद्द झाला तो १९५९ च्या शस्त्र कायद्याने, आणि तो कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. तलवार-भाल्याचा परवाना सरसकट गेला. सरकारने एखादा भाग मुद्दाम जाहीर केला असेल तेवढ्यापुरताच तो लागतो. बंदुकीसाठी मात्र परवाना राहिला, आणि बंदुकीतील फेरफाराला प्रथमच स्वतंत्र कलम मिळाले. सहावे कलम म्हणते, की परवान्यावाचून कोणी बंदुकीची नळी आखूड करू नये, अथवा नकली बंदुकीची खरी बंदूक करू नये. आठवे कलम बंदुकीवर ठोकलेले कारखानदाराचे नाव व क्रमांक खोडण्यास, घासण्यास व बदलण्यास मनाई करते. दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या बंदूकसाजालाही वेगळा परवाना लागतो. नळी आखूड करण्याची एवढी भीती का, याचे उत्तर सोपे आहे. लांब नळीची बंदूक खांद्यावर घेऊन चालावे लागते आणि ती चार लोकांना दिसते. कापलेली बंदूक कोटाखाली मावते. शेतकऱ्याचे राखणीचे साधन करवतीच्या दहा मिनिटांच्या कामाने दरोडेखोराचे हत्यार होते.

तेराव्या कलमात आणखी एक तपशील आहे. संरक्षणासाठी वा शिकारीसाठी गुळगुळीत नळीची आणि किमान वीस इंच लांबीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, अथवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला, कायद्यातील अपात्रतेची कारणे नसतील तर परवाना द्यावयाचा आहे. रायफल वा पिस्तूल मागणाऱ्याने त्यासाठी सबळ कारण असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटवावयाची आहे. कोकणात, सह्याद्रीच्या उतारावर रानडुकरांपासून भात-नाचणी राखणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात भिंतीला टांगलेली ठासणीची बंदूक दिसते ती या तरतुदीखाली. गुळगुळीत नळी विश्वासाची आणि आट्यांची नळी संशयाची, हा भेद एन्फील्ड कोरणाऱ्या इंग्रजाने केला होता. स्वतंत्र भारताच्या कायद्यातही तो राहिला. तेव्हा तो राज्यकर्त्या वंशाच्या रक्षणासाठी होता, आता दूरवर जाणाऱ्या गोळीच्या धोक्यामुळे आहे. कारण पालटले आणि रेघ तीच राहिली, असे कायद्यांच्या बाबतीत अनेकदा घडते.

इतर देशांनीही या रेघा आपापल्या परीने ओढल्या आहेत. कॅनडासारख्या थंड व विरळ वस्तीच्या देशात रायफल हे शेतकऱ्याचे व शिकाऱ्याचे रोजचे साधन. तेथे पिस्तुलांची नोंदणी १९३४ पासून आहे. १९९५ च्या कायद्याने साध्या रायफलींचीही नोंदणी सक्तीची केली, आणि ग्रामीण भागाच्या दीर्घ विरोधानंतर २०१२ साली ती बहुतेक प्रांतांपुरती रद्द झाली. पण नोंदणी गेली तरी फेरफाराचे नियम गेले नाहीत. रायफलीची नळी कापून ४५७ मिलिमीटरांहून आखूड केली, अथवा सबंध बंदूक ६६० मिलिमीटरांहून लहान केली, तर ती तेथे थेट निषिद्ध शस्त्रांच्या वर्गात जाते. तेथील शेतकऱ्याचे म्हणणे आणि हलगलीच्या बेडराचे म्हणणे यांत एक धागा समान आहे. वहीत नाव चढले, की एक दिवस वही हातात घेऊन कोणी दाराशी येईल, ही ती शंका.

भारतात वही गेली नाही. उलट ती मोठी झाली. २०१६ च्या नव्या नियमांनी प्रत्येक परवानाधारकाला देशभराच्या संगणकीय नोंदीतील एक स्वतंत्र क्रमांक घ्यावा लागतो. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली आणि सहाव्या कलमाची कक्षा वाढवली. पूर्वी नळी आखूड करणे आणि नकली बंदुकीची खरी करणे तेवढे गुन्ह्यात येई. आता नियमांत सांगितलेल्या एका वर्गाची बंदूक दुसऱ्या वर्गात मोडेल असा कोणताही बदल परवान्याशिवाय करता येत नाही. शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. गुळगुळीत नळी बदलून आट्यांची बसवणे हा एके काळी कारागिराच्या कसबाचा विषय होता. आज तो सत्र न्यायालयाचा विषय आहे.

कबनचे फर्मान मात्र या सर्व कायद्यांतून तरून आले. १९६३ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून कुर्गी वंशाच्या प्रत्येक व्यक्तीला आणि कुर्गातील जम्मा वतनाच्या जमिनी धारण करणाऱ्यांना परवान्यातून सूट कायम ठेवली. २०१९ साली तिची मुदत दहा वर्षांनी, २०२९ पर्यंत, वाढवण्यात आली. वंशावरून सूट देणे समतेच्या तत्त्वाला धरून नाही, असा अर्ज कर्नाटक उच्च न्यायालयापुढे आला होता. २०२१ साली न्यायालयाने सूट वैध ठरवली. ही सूट रायफलीला व बंदुकीला आहे, आणि ती परवान्यापुरती आहे. कुर्गाबाहेर राहणाऱ्याने वा प्रवास करणाऱ्याने एक रायफल आणि एक गुळगुळीत नळीची बंदूक, याहून अधिक जवळ ठेवू नये, अशी अट जुन्या नियमांपासून चालत आली आहे.

चामराजपेटेत आज मराठी, कन्नड, उर्दू आणि तमिळ बोलणारी घरे शेजारी शेजारी आहेत, आणि नोकरीधंद्यासाठी कुर्गाहून आलेली कोडवा कुटुंबे बंगळूर शहरात सर्वत्र आहेत. एकाच रस्त्यावरील दोन घरांत इशापूरची एकेक .३१५ रायफल असू शकते. मराठी कुटुंबातील रायफलीसाठी शहराच्या पोलीस आयुक्तांचा परवाना लागतो, त्यावर क्रमांक लागतो, आणि दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. कोडवा कुटुंबातील रायफलीसाठी, जमातीचा दाखला पटला, की यांपैकी काही लागत नाही. त्यांपैकी कोणी नळी कापावयास बंदूकसाजाकडे गेला, तर मात्र सहावे कलम दोघांनाही सारखेच आहे.